प्रभुभोजनाला न उठणारा

गंगापूर, ८ डिसेंबर २०२५

चि. काकासाहेबास, ताईचे अ. उ. आ. आणि प्रभूच्या नावात सलाम.

फोन सोडून कागद का काळा केला, म्हणशील. तर तुझे कान. मी इथून ओरडायचं, तू तिथून पुन्हा पुन्हा विचारायचं, आणि मधल्या मधे मोनिका सगळं ऐकणार. लिहायचंय तिच्याचविषयी, म्हणून हे पाकीट.

तुझ्या लेकीनं पसंत केलेल्या राजकुमारबद्दल तू विचारलंस. त्याच्या मामाला वर्ष संपायच्या आत होय-नाय कळवायचंय, आणि 'ताई म्हणेल तसं' म्हणून तू मोकळा झालास. बरं जमतं तुला.

वरवर पोरगा चांगला आहे. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनीखाली डाव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हापासून करमाडचं घर सोडून इथं मामाकडं राहतो, बी-बियाणाच्या दुकानात बसतो. उरलेल्या बोटांनी पेटीचा भाता हलवतो आणि उजव्या हातानं अशी वाजवतो की गायनमंडळीतल्या बाया पुढची ओळ विसरतात. मोनिका इथल्या शाळेत शिकवून माझ्याकडं परतली की दोघं अंगणात नाताळाचा तारा बांधतात. बांबूच्या कामटीवरच्या दोऱ्याचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या दातात. गाठ एकच बसते, हसणं मात्र तासभर चालतं.

पण काल चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. सगळी मंडळी भाकर घ्यायला पुढं गेली आणि हा पुरुषांच्या बाजूला खाली मान घालून बसून राहिला. मागच्या महिन्यातही असाच बसला होता. आपली रीत तुला ठाऊक आहे. मनात कुणाविषयी अढी असेल, नाहीतर घरात काही लपवलेलं असेल, तरच माणूस भाकरीला हात लावत नाय. हा तर मुंगीलाही वाट देतो, याची अढी कुणाशी असणार? मग राहिलं काय? लपवलेलं.

वरून त्याला फोन येतो. नाव बघतो, चेहरा उतरतो, कापून टाकतो. गायनमंडळी करमाडला जाणार म्हटलं तर याच्या पोटात दुखायला लागलं. मला विचारशील तर करमाडात याची बायको आहे. मामाला काय विचारायचं, मामा बोलूनचालून मामा, भाच्याच्या ताटातली माशी तो कशाला दाखवेल? तूच जाऊन बघून ये.

घरात सर्वांस आशीर्वाद. मायेत काटकसर करू नकोस.

तुझी,
मुक्ताताई

———

उस्मानपुरा, १२ डिसेंबर

ती. ताईस, काकासाहेबाचा सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. लग्नाआधी रूपाला बघायला गेलो होतो तेव्हा ती एका पायावर भार देऊन उभी होती, म्हणून तू तिला लंगडी ठरवली होतीस. निघाला होता काटा. ती अजून ते विसरलेली नाय, आणि तुझं पत्र वाचून आज तिनं मला पुन्हा ऐकवलं.

तरी तुझा शब्द मी खाली पडू देत नाय. बापाचं काळीज आहे, झोप माझीही उडाली. जरा ताप आहे, उतरला की करमाडला जातो. तोवर एवढंच कर, कुणापाशी बोलू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाय, म्हणून मुद्दाम लिहितो.

लहान भाऊ आहे, सांभाळून घे.

तुझा,
काकासाहेब

———

गंगापूर, १७ डिसेंबर

चि. काकासाहेबास अ. उ. आ.

ताप कसा आहे? तुळशीचा काढा घे, रूपाला म्हणावं मिरी जास्त टाक.

मी कुणापाशी बोलले नाय. फक्त शेजारच्या दगडाबाईला म्हणाले, तेही करंज्या लाटता लाटता, तुझं पत्र यायच्या आधी. ती म्हणे की माझ्यापासनं भिंतीलासुद्धा कळायचं नाय. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना दोन बायांनी मला विचारलं, की त्याला पोरंबाळंही आहेत का.

त्या दिवसापासून राजकुमार गायनाला येत नाय. मंडळी पेटीवाचून घरोघर गाते, नुसता ढोलकीचा दणका. तारा अर्धाच लटकलाय. मोनिका माझ्याशी बोलत नाय. ताट वाढते, समोर ठेवते, निघून जाते. काल एवढंच म्हणाली, की आत्या, तू त्याला एकदा विचारलं तरी असतंस. मी म्हटलं, विचारून चोर कबूल होतो व्हय?

खरं सांगू, मला वाईट वाटतंय. पण संशयही जात नाय. खोटं असतं तर त्यानं येऊन माझ्या दारात भांडायला नको? गप का बसला? तू लवकर जा बाबा. पोरीचा जन्म आहे.

आठवण ठेवून असावे.

मुक्ताताई

———

उस्मानपुरा, २१ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

टपालाचा भरवसा नाय, म्हणून हे गंगापूरच्या जीपवाल्यासोबत देतोय.

काल करमाडला जाऊन आलो. बायको नाय, पोरंबाळं नाय. आहे तो गोकुळ. राजकुमारचा लहानपणचा जिवलग, भिंतीला भिंत लागून घर. दोघं एकाच मशीनीवर होते. राजकुमारचा हात आत असताना यानं न बघता बटण दाबलं. मी राजकुमारकडून आलो असं वाटून तो बिचारा अंगणातच खाली बसला. माझ्यासाठी मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळं शेजारीपाजारी गोळा झाले, तरी तो लाजला नाय. म्हणाला, फोन लावतो तर उचलत नाय, दारात गेलो तर तो गाव सोडून गेला, आता मी माफी मागायची तरी कुठं?

ताई, अढी आणि लपवाछपवी, दोन्ही तूच लिहिलं होतंस. उचललंस मात्र भलतंच. मनातलं कडू गेलं नाय म्हणून भाकरीला हात न लावणारा माणूस लबाड कसा? आपण सगळे काय निर्मळ मनानं पुढं जातो?

पण एक धास्ती मलाही आहे. माफ न करता येणाऱ्याच्या घरात पोरगी कशी द्यावी? तूच बघ आणि कळव.

तुझा,
काकासाहेब

———

गंगापूर, २६ डिसेंबर

चि. काकासाहेबास अ. उ. आ., नाताळाचा सलाम सर्वांना.

तुझं पत्र आल्यावर दोनदा त्याच्या मामाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. जीभ जड झाली रे. अफवा पेरताना बरी हलकी होती.

काल चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाला बोलावलं. बायांची बाजू उठली, मीही उठले, पदर सावरला, आणि पाय पुढं पडेना. ज्याची बदनामी मी गावभर केली तो समोर बसलेला, आणि मी भाकर घ्यायला कोणत्या तोंडानं जाऊ? बसले खाली. दगडाबाईनं कोपर मारलं, तरी उठले नाय. अख्खी मंडळी पुढं, मागं दोघंच. तिकडं तो, इकडं मी. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मी इतकी वर्षं पुढं जाणारी बाई, त्यालाही नवल वाटलं असणार.

उपासना सुटल्यावर सगळ्यांदेखत त्याच्यापाशी गेले. म्हटलं, लेकरा, मी तुझ्याविषयी खोटं बोलले, दगडाबाई साक्षीला आहे, मला माफ कर. तो लगेच म्हणाला, केलं आत्या. मला वाटलं, वरवर बोलतोय. म्हणून विचारलं, की एवढं सोपं आहे तर गोकुळचं काय? नाव ऐकून चेहरा दगडासारखा झाला. म्हणाला, तुम्ही माझं नाव घालवलं, त्यानं हात घालवला. मी म्हटलं, खरंय, तोल सारखा नाय. पण मी मुद्दाम सांगितलं, त्यानं चुकून बटण दाबलं. मोठा अपराधी कोण, तूच सांग.

तो त्या दोन बोटांनी सदऱ्याची गुंडी फिरवत राहिला. मग मोनिकाला म्हणाला, की उद्या करमाडला येतेस का, एकट्यानं माझ्यानं जाववणार नाय.

आज सकाळी एसटीनं गेले दोघं. त्याच्यानं माफ करवेल का, मला ठाऊक नाय. कदाचित दारातून परत फिरेल. पण जाणारा माणूस आहे, आणि पायात बळ नसेल तर ते मागून घेणारा आहे. तुझ्या धास्तीला माझ्याकडं एवढंच उत्तर. माझ्याकडून होकार. नव्या वर्षात चर्चमध्ये लग्न जाहीर करणारी पुकार करायला सांग.

दुपारी दगडाबाई येऊन गेली. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग हळूच, की मुक्ताबाई, तुम्ही भोजनाला उठला नायत, घरात काही लपवलंय का? मी तिला करंजी दिली आणि काय ते सगळं पुन्हा नीट सांगितलं. तिला ते पटलं नाय. जाताना दोनदा माझ्या कपाटाकडं बघून गेली. संध्याकाळपर्यंत गावात माझं काय होतंय ते ऐकू येईलच. ऐकून घ्यायचं ठरवलंय.

माझ्याविषयी काही कानावर आलं तर आधी मला विचार, आणि लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी,
मुक्ताताई