बरोबर म्हणणारी

३ फेब्रुवारी
आज धाकटीच्या वॉर्डात रुजू झाले. मोठ्या खिडक्या, स्वच्छ चादरी, औषधांच्या कपाटाला नवं कुलूप. धाकटीनेच शब्द टाकून मला इथे आणलं. सगळ्यांना सांगत फिरली, ही माझी ताई, हिनेच मला वेणी घालायला शिकवलं. इथली एक शिस्त आवडली. शिरेतून काहीही द्यायचं तर दोघी लागतात. एकीने पेशंटचं नाव, औषध, मात्रा, वेग मोठ्याने वाचायचं. दुसरीने स्वतः बाटली बघून ‘बरोबर’ म्हणायचं. त्याशिवाय नळीवरचं चाक फिरवायचं नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, चार डोळे जागे असले की यम दारातूनच परत जातो.

९ फेब्रुवारी
खिडकीजवळचे कवळीवाले आजोबा माझ्याकडून सुई लावून घेईनात. म्हणाले, धाकटी टोचते ते कळतसुद्धा नाही, तू नुसतं बघितलंस तरी दुखतं! सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. मग बराच वेळ हात धूत राहिले. लहानपणी ताप आला की आई धाकटीच्या उशाशी बसायची. मला आला की म्हणायची, तू शहाणी आहेस.

१४ फेब्रुवारी
धाकटीने आजोबांचं औषध वाचलं. हातात मात्र शेजारच्या खाटेची बाटली होती. मला दिसत होतं. एकदा तरी चुकू दे, एकदा तरी तिचं हसं होऊ दे, असं मनात आलं आणि मी थांबले. क्षणभरच. बोलणार तेवढ्यात ‘बरोबर’ ऐकू आलं. माझ्याच आवाजात. माझे ओठ मिटलेले होते. धाकटीने चाक फिरवलंही. मी झडप घालून ते बंद केलं म्हणून निभावलं. धाकटी रडली. चूक माझीच, ताईला बोलू नका, म्हणाली.

त्यानेच जास्त राग आला.

१९ फेब्रुवारी
ती वाचते तेव्हा मी तोंडावर हात ठेवते. तरी ‘बरोबर’ येतंच. आजोबा म्हणाले, हल्ली तुझा आवाज गोड झालाय. पहिल्यांदाच कौतुक झालं. तेही माझं नव्हे.

२३ फेब्रुवारी, सकाळ
धाकटी आजारी. उलट्यांनी पार गळालीय. वॉर्डालगतच्या छोट्या खोलीत ठेवलंय. सलाईनमधून पोटॅशियम चालू केलंय, अगदी सावकाश. भरकन गेलं तर हृदयच बंद पडेल. आजोबांनी संत्री पाठवली. जो तो तिच्या कपाळावर हात ठेवून जातो. मी आजारी पडले असते तर?

दुपार
मोठ्या सिस्टरना विनवलं, तिच्याजवळ दुसरी कुणी बसवा. त्या म्हणाल्या, सख्खी बहीण असताना परकी कशाला गं? सगळ्या जेवायला गेल्या. धाकटी म्हणाली, तू आहेस ना ताई, मग मी झोपते. लगेच झोपली.

थेंब भराभर पडतायत. चाक बंद केलं— पुन्हा सुरू. कुणी वाचत नाहीये, तरी कानाशी— बरोबर. बरोबर.

घंटा दाबली. कुणी नाही. सुई काढायला हात नेला, तर तो वळून चाकाकडेच—

लिहितेय. लिहीत राहिले तर हा हात तरी माझा राहील. धाकटे, ऊठ गं. पावलं वाजतायत बाहेर— लवकर या— उजवा इथेच आहे, कागदावर. डावा—