बाबांच्या अंगठ्याची खळगी

जगदीशदादा, जय भीम.

जाताना तू गोहलपूरच्या कारागिराला दिलेली आपली जुनी लाकडी बुद्धमूर्ती गेल्या आठवड्यात घरी आली. खरंच चमकून राहिली रे. बाबांच्याही आजोबांच्या काळातलं सागवान आहे, असं कोणी म्हणणार नाही.

फक्त गुडघ्यावरची खळगी त्यानं भरून टाकली. रोज वंदना झाली की बाबा तिथं अंगठा ठेवून बसायचे, त्यानंच ती पडली होती. बाबा गेल्यावर आई तिथंच आपला अंगठा ठेवायची. डोळ्यांनी दिसत नसलं तरी बरोबर सापडायची तिला. तुला काहून माहीत असणार? वंदना संपायच्या आत तू क्रिकेटला पळायचास.

आईनं दोन्ही गुडघे चाचपले. मग हात मागं घेतला. तुझा फोन आला तेव्हा म्हणाली, "मस्त झाली रे बेटा!"

फोन ठेवल्यावर मला हळूच म्हणाली, "नीलू, हे कोणाची मूर्ती आणली गं? आपली केव्हा देते तो?"

तू मायेनंच केलंस, म्हणून हे पत्र धाडणार नाही. पण ती रोज विचारून राहिली, अन् मी रोज सांगते, "काम चालू आहे, आई."

तुझी,
नीलू