तेहतीस अनारसे आणि एक कूलर

डोंबिवली पूर्व,
रविवार सकाळ (चहा झाला, नाश्ता व्हायचाय)

तीर्थस्वरूप प्रफुल्लराव यांस,

धाकट्या साडूचा, म्हणजे संदेशचा, वाकून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. तुम्ही माजिवड्याला मजेत असालच, तुम्ही नेहमीच असता. दर्शनाताईंची कंबर, तुमची शुगर आणि तुमचा नवा सोफा यांची खुशाली कळवावी. घरच्या ग्रुपमधून मी बाहेर पडल्यामुळे (चुकून बोट लागलं, रागाचा काही संबंध नाही) ही चौकशी कागदावर करावी लागतेय. रसिका आज तिच्या ताईला भेटायला तुमच्याकडे येतेय, तिच्या डब्यात अनारशांवर हे पत्र ठेवतो. कागदावर डाग दिसले तर ते तुपाचे आहेत, माझ्या अश्रूंचे समजू नयेत.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू, आणि सासूबाईंनी कल्याणच्या त्या दोन खोल्यांत एका पंगतीला दोन विष्णू बसवले, तिथेच घोळ झाला. आठवडाभर आधी त्यांनी आपल्या दोघांनाही फोन करून विचारलं होतं, वाणाबरोबर काय देऊ म्हणून. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "काही नको हो, तुमचा आशीर्वाद आहे तेवढा पुरे." आपल्यात पहिल्या खेपेला नाहीच म्हणायचं असतं. मग समोरच्यानं आग्रह करायचा, आपण पुन्हा नाही म्हणायचं आणि तिसऱ्या खेपेला "आता एवढं म्हणताच आहात तर" असं म्हणून मनातलं सांगायचं. माझं मनातलं तयार होतं. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसवायचा मोठा कूलर, दोन मनोऱ्यांचा, दोन पंख्यांचा. पण सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. तुम्ही मात्र पहिल्याच फटक्यात मॉडेलचा नंबर, रंग आणि लिंक पाठवून मोकळे झालात. आणि मागितलंत काय, तर तोच कूलर! गेल्या गणपतीत तुमच्या गॅलरीत उभं राहून तासभर मीच तुम्हाला समजावलं होतं की असा कूलर म्हणजे काय चीज असते. तेव्हा तुम्ही जांभया देत होतात.

बरं, तुम्ही त्या कॉम्प्युटरवर करता काय? सोसायटीच्या नोटिसा टाइप करता आणि पत्ते खेळता. तेवढ्यानं प्रोसेसर कोमटसुद्धा होत नाही. मी इथे लग्नांचे व्हिडिओ जोडतो. अधिकात लग्नं नसतात, त्यामुळे वैशाखात उडालेले सगळे बार याच महिन्यात हातावेगळे करायचे असतात, नाहीतर वधूचे वडील दारात येऊन बसतात. तेव्हा तीन तासांचं लग्न तयार करायला लावलं की माझा प्रोसेसर पंच्याण्णव डिग्रीवर जायचा, पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा आणि सप्तपदीच्या चौथ्या पावलाला मशीन बंद पडायचं. गांधीनगरच्या एका मुलीची बावीस दिवस तीनच पावलं झाली होती. तिचे वडील रोज फोन करायचे. आमच्या धंद्यात एक लग्न अडकलं की पुढची तीन हातची जातात, कारण वधूला चार मैत्रिणी असतात. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ते हेच. फरक इतकाच की चणे माजिवड्याला गेले, आणि तिथे कोणी चणे खात नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी खोका उघडला आणि तुमच्या कूलरच्या पात्यांमधून आरपार बघितलं. (मी समोरच बसलो होतो. पलीकडून त्यांचा डोळा दिसला.) म्हणाल्या, "अगं बाई, काय सुरेख जाळी पडलीय! अधिकात जाळीदारच द्यायचं असतं." म्हणजे शास्त्रसुद्धा तुमच्या बाजूनं! मग कूलरच्या त्या आरशासारख्या तळाला ओलं कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या आणि तो तुमच्या ओंजळीत दिला. माझ्या ओंजळीत तेहतीस अनारसे आणि एक जुनं तांब्याचं ताम्हन, एका कडेला पोचा आलेलं, मागची अक्षरं झिजलेली. तुमच्या कूलरलाही तांब्याच्याच नळ्या आहेत, पण माझ्या तांब्यानं प्रोसेसर थंड होत नाही. खरं सांगतो प्रफुल्लराव, मी जळलो. थोडाथोडका नाही, चांगला पोटातून जळलो. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा रसिकाच्या पर्समधली शिवणाची टेप काढून मी तुमचा कूलर मोजला. उंची एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर.

पुढचे अकरा दिवस मी काम सोडून कूलर निवडत होतो. कुठला किती डिग्री उतरवतो, कुठल्याचा पंखा किती कुजबुजतो, सगळे तक्ते पाठ झाले. एका जाणकार गृहस्थानं स्वच्छ लिहिलं होतं की माझ्या प्रोसेसरला एका मनोऱ्याचा साधा कूलरही भरपूर झाला. मी ते पान बंद केलं, कारण त्याच्या यादीत तुमचा कूलर तिसरा होता आणि हा साधा सातवा. शेवटी ठाण्याला जाऊन एक दुकान गाठलं. दुकानदारानं विचारलं, "कॉम्प्युटरचं कॅबिनेट किती रुंद आहे? आत जागा किती?" मी म्हटलं, "माझ्या साडूकडे एकशे अठ्ठावन्नचा आहे, त्याच्याहून उंच दाखवा." त्यालाही साडू असावा, कारण पुढे त्यानं एक अक्षर विचारलं नाही. एकशे अडुसष्टचा काढून समोर ठेवला. मी तो मांडीवर घेऊन घरी आलो. रिक्षावाला म्हणाला, "काय साहेब, प्रसाद का?"

घरी आल्यावर मी रसिकाला सांगितलं की तुमच्या कूलरला जे जे झालं ते ते सगळं याला झालं पाहिजे. हळद, कुंकू, अक्षता, सगळं, आणि त्याच जागी. तिनं तळावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आता कुंकू पुसायचं कसं? मी त्याच्यावरच ती प्रोसेसरला लावायची राखाडी पेस्ट थापली आणि कूलर बसवला. पहिली गोष्ट ही झाली की कॅबिनेटचं दार लागेना. माझ्या कॅबिनेटमध्ये एकशे साठपर्यंतचाच कूलर मावतो. (तुमचा बरोब्बर मावला असता. हे मी कोणाला बोललेलो नाही.) दुसरी गोष्ट, मशीन आता चौथं पाऊल सोडाच, अंतरपाटालाच बंद पडायला लागलं. मी तापलो, कूलर काढला, खोक्यात घातला आणि दुकानदाराच्या टेबलावर आदळला. म्हटलं, माल खराब आहे, परत घ्या. त्यानं कूलर उलटा केला, डोळे बारीक केले आणि चिमटीनं काहीतरी उचललं. "साहेब, हा तांदूळ कसला?"

अक्षतेचा दाणा होता. कुंकवात चिकटून बसलेला, वर पेस्ट. त्या एका दाण्यामुळे कूलर प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता. दुकानदार चांगला माणूस, हसला नाही, आत जाऊन हसला. पण परत घ्यायला तयार होईना. म्हणाला, "पूजा झालेला माल मी कसा घेऊ? उद्या माझ्या दुकानाला काही झालं तर?" घरी येऊन मी देवाची माफी मागितली, तळ पुसला आणि कूलर पुन्हा बसवला. आता सगळं थंडगार आहे. पण कॅबिनेट उघडंच आहे, आणि धूळ जाऊ नये म्हणून त्याच्यावर रसिकानं आंबे झाकायची जाळी घातलीय. काल एका वधूचे वडील काम बघायला आले होते. त्यांनी जाळी उचलून बघितली आणि विचारलं, "हापूस का?" अशानं माणसाची पत राहत नाही.

असो. तुमच्यावर माझा कसलाही राग नाही. सोफ्याला माझा नमस्कार.

आपला,
संदेश

ता. क. पत्राचं कारण आता सांगतो. आपण अदलाबदल करू. माझा मोठा कूलर तुम्ही घ्या, तुमच्या कॅबिनेटमध्ये हत्तीही मावेल. तुमचा मला द्या, म्हणजे माझं दार लागेल. मोठा तुमच्याकडे जाणार या विचारानं मला तीन दिवस जेवण गेलेलं नाही, तरी म्हणतो. आणि तुम्ही सहजासहजी हो म्हणणार नाही, म्हणून वर ते ताम्हनही देतो. आमच्याकडे ते नुसतं कपाटावर पडून आहे.

ता. क. २. दर्शनाताई फोनवर सांगत होत्या की कूलर बसवल्यापासून पत्ते खेळतानाही तुमचा कॉम्प्युटर बंद पडतो आणि तुम्ही माजिवड्याच्या विजेला शिव्या देता. तळ उलटा करून बघा. सासूबाईंनी अक्षता टाकल्या तेव्हा दोन दाणे चिकटलेले मी पाहिले होते. गेले आठ दिवस मला कारण ठाऊक आहे आणि गेले आठ दिवस मला झोप छान लागतेय.

ता. क. ३. भावोजी, मी रसिका. डबा भरताना पत्र वाचलं. ताम्हन मिळणार नाही. ते आजीनं आमच्या बाबांना, त्यांच्या पहिल्या अधिकात, जावई म्हणून दिलेलं आहे. मागं तिचंच नाव आहे. आई म्हणाली, "ज्यानं काही मागितलं नाही, त्याला माझ्याकडचं सगळ्यात चांगलं द्यायचं." ताईला ते हवं होतं, म्हणून तर ती त्या दिवशी न बोलता लवकर निघाली. आईनं यांना सांगू नको म्हटलं होतं, पण हे ते कूलरवर द्यायला निघालेत.

ता. क. ४. रसिकाचं आत्ताच वाचलं. ताम्हन रद्द. ते चिंचेनं घासून दर्शनी भागात ठेवलंय, आणि मागचं नाव नीट बघितलं तर वाचता येतं. कूलर द्यायचा तर द्या, नाहीतर आंब्यांची जाळी काही वाईट नाही. बघायला कधीही या, टेप मात्र स्वतःची आणा. आणि दर्शनाताईंना माझ्याकडून हळूच सांगा, माणसानं दुसऱ्याच्या वाणावर इतकं लक्ष ठेवू नये.