एका बाहीचा ब्लाउज

फ्रीमाँट, शनिवार, दिवेलागणीनंतर

उद्या गणपती बसायचे, आणि माझ्या ब्लाउजला अजून एकच बाही! दुसरी लावायला गेले, तर गराज सेलमधून आणलेल्या माझ्या शिवणयंत्राचं पायडल गायब. ते गॅरेजमध्ये, मिलिंदच्या पायाखाली. कुणा अमेरिकन खटपट्यानं शिवणयंत्राचे भाग आणि जुना चमचा जोडून रंग फवारायचा पहिला एअरब्रश बनवला, असं यानं कुठेतरी वाचलं. झालं! घरची मूर्ती रंगवायला नवऱ्यातला इंजिनियर जागा झाला. चमचाही माझाच, मसाल्याच्या डब्यातला.

"बाबा, जस्ट बाय वन!" लेक म्हणाली.

"त्यात काय मजा? बाप्पाच्या गालावर कशी शेड येते बघ!"

दाबलं पायडल. फुस्स! बाप्पा कोरडेच राहिले. पायडल शोधत येऊन मीच मागे टांगलेला माझा ब्लाउज शेंदरी झाला. तोही बाहीपुरताच.

"शेड मात्र सुंदर आलीय हं," मिलिंद म्हणाला. आलीय खरी, मेली.

त्या मूळ शोधकाची बायको काय म्हणाली असेल? इतिहासात नोंद नाही. मी काय म्हणाले, ते मात्र शेजारच्या टाउनहाउसला पाठ झालं असेल.

शेवटी निकाल दिला: आधी दुसऱ्या बाहीवर तस्साच फवारा मारायचा, मग पायडल परत जोडायचं, मग ती बाही मिलिंदनंच शिवायची.

मॅचिंग नको?