गाठीचा उपास

सोमवार, १० मार्च ८६
बार्शीला जाऊन आले. डाव्या छातीतल्या गाठीला सुई टोचली होती, त्याचा निकाल आला. कॅन्सरच. डाक्टर पोरगेलासा, मान खाली घालून सांगत होता. म्या म्हणलं, वर बघून सांग, तुझी काय चूक हाय.
कापायची म्हणला. मग मशिनीखाली झोपवून शेक द्यायचा. "संगं कोण आलंय?" कुणी न्हाय. "पुढच्या खेपंला घरचं माणूस आणा आजी, त्याबिगर भरती करून घेत न्हाईत."
घरचं माणूस. बाळू पुण्याला कंपनीत, सून-नातू तिकडंच.
येरमाळ्यापर्यंत यष्टीत उभीच.

बुधवार, १२ मार्च
डाक्टर बोलला ते लिवून ठेवते, न्हाईतर डोक्यातनं जाईल. म्या इचारलं होतं, गाठ एवढी वाढती, तर खाती काय? त्यानं कागदावर चित्र काढलं. अंगात बारीक बारीक घरं, हर घरात चुली. धड चूल थोड्या जळणात सैपाक उरकती. गाठीतल्या चुली बिघडलेल्या. साखर ढीगभर ओढायची न् अर्धीकच्ची जाळायची. म्या म्हणलं, म्हंजी आमच्या सुनंची चूल, जळण लई न् धूरच धूर. नर्स तोंड फिरवून हसली.
"हे जुनंच हाय आजी, परदेशातल्या एका शास्त्रज्ञानं सांगितलेलं. पण त्यावर औषध न्हाय सापडलं अजून. तुमी कापून घ्या."
यष्टीत बसायला जागा नव्हती, पण इचार करायला होती. जळणच घातलं न्हाय तर? ७२ साली अख्खं घर अर्धपोटी जगवलं म्या. एका गाठीला उपाशी ठेवायला काय लागतं.

रविवार, २३ मार्च
उपास चालू, रोजचा. साबुदाण्याची खिचडी, रताळं, केळं, राजगिऱ्याचा लाडू. भाकरीला हात न्हाय. चहा तेवढा गोड, तो चालतो उपासाला. पारावरच्या बाया म्हणतात, म्हातारीला देवाचं लागलं. लागू द्या.
कारखान्याची सभासदाची साखर आली. मालक गेल्यावर कारखान्याचा शेर माझ्या नावावर झालाय. ऊस वाळून गेला, गाळप लवकर बंद, तरी साखर वाटली. पिशवी फळीवर टाकली.
भिंतीपलीकडं गंगी खोकती. धाकटी जाऊ माझी, तीबी एकटीच. दोघींच्या अंगणातला कडू लिंब तिनं न इचारता तोडून जळणाला घातला, तवापासून बोलणं बंद. लई वरसं झाली. खोकला वळखते म्या तिचा.

सोमवार, ७ एप्रिल
बार्शी. "आजी, खाता काय?" म्हणलं उपास हाय, ऐटीत. "उपासाला काय काय?" समदं सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"साबुदाणा, रताळं, केळं, समदी साखरच की. उपास कसला, गाठीची दिवाळी केली तुमी."
जल्मभर एकादश्या केल्या. एका भटजीनं सांगितलं न्हाय.
"कापायला कवा येता? घरचं कोण?" म्हणलं, बाळूला काम हाय. बाळूला कळवलंच न्हाय अजून. कळवलं तर सून येईल. ती नवीन लुगड्यात येऊन उशाला बसणार न् घड्याळ बघणार. त्यापरास गाठ बरी.

गुरुवार, १० एप्रिल. पाडवा
लिंबाचा पाला खाल्ला, गूळ न्हाय. पाला कुठला? सकाळी उंबऱ्यावर डहाळी पडलेली. गावात धड लिंब एकच उरलाय, मारुतीपाशी, तिथवर म्या गेले न्हाय. कुणी टाकली ते इचारलं न्हाय.
साबुदाणा बंद. चहा बंद. ताक न् मूठभर शेंगदाणं. भाजी मिळाली तर भाजी, पण आडात पाणी न्हाय तर भाजी कुठली. चूल पेटवायचं कामच उरलं न्हाय.

शुक्रवार, २५ एप्रिल
येडाईची जत्रा. समदा गाव देवीच्या नावानं चुनखडीचं खडं वेचाया गेला. गावात कुत्री न् म्या.
चोळी अंगावर हुबी ऱ्हाईना. तळं आटल्यावर बुडालेला खडक वर येतो तशी गाठ वर आलीय. ती वाढली का म्या आटले, हातानं कळंना.
दुपारी वरच्या रानात जाऊन बसले. जोंधळा करपून भुईला लागलेला, न् मधी कुंदा, पिकाच्या मुळावरचं तण, हिरवागार. एकच दुष्काळ दोघांना. हे आधी का सुचलं न्हाय? रान बघत म्हातारी झाले, न् चित्र बघून भुलले.

शनिवार, १० मे
टँकरच्या रांगेत घेरी येऊन पडले. डोळं उघडलं तर डोकं गंगीच्या मांडीवर. माझी घागर तिनं आधी भरून घेतलेली, मग माझ्याकडं बघितलं. शहाणी हाय.
"आक्का, तुमच्या चुलीचा धूर दिसंना लई दिस झालं. मरायचं आसंल तर किल्ली कुठं ठिवली ते सांगून मरा."
"तुला कुणी धूर मोजाया बसवलंय?"
"मग बोलताय कशाला?"
घरी आणून भाकरी दिली. अर्धी खाल्ली. गाठीनं खाल्ली आसंल तर खाऊ दे.
काय दुखतंय ते तिनं इचारलं न्हाय. म्याबी...

सोमवार, १२ मे
कशीबशी बार्शी. डाक्टर आज चिडला. गाठ उपाशी ऱ्हात न्हाय म्हणला, बाहेरनं न्हाय मिळालं की माझ्याच अंगाचं वितळवून घेती. म्या म्हणलं, म्हंजी म्या सैपाक केला न्हाय तर मलाच शिजवती. तो हसला न्हाय.
"नीट जेवा. अंगात जोर आणा. पुढच्या बुधवारी घरचं माणूस घेऊन या. लई उशीर केलात आजी."
काप म्हणलं, आत्ता काप. "माणूस आणा."

मंगळवार, २० मे
उद्या बुधवार.
चित्रातल्या चुलीचं निमित्त. 'माझ्यासंगं चल' एवढं कुणाला म्हणाया लागू नये म्हणून पोट मारलं म्या. आता लिवलं.
सांजच्याला साखरेची पिशवी घेऊन गंगीच्या दारात गेले. समदं सांगितलं, हुब्या हुब्या. तिनं पिशवी हातात तोलून बघितली. चहा टाकला. माझ्या कपात साखर घालताना चमचा थांबला, माझ्याकडं बघितलं.
"घाल," म्हणलं.
चहा पिऊन झाला तरी 'व्हय' न्हाय का 'न्हाय' न्हाय. उठताना म्हणली, "लिंब म्या सरपणासाठी तोडला नव्हता. वाळवी लागली होती."
"मग तवा का न्हाय सांगितलं?"
"तुमी गाठीचं सांगितलं का?"
उंबऱ्यात इचारलं, बार्शीची यष्टी कवा. सकाळची पयली, म्हणलं.
"बघते. शेरडाला बघणारं कुणी मिळालं तर."
आत्ता लिवते तवर भिंतीपलीकडं दार वाजलं. शेरडू ओरडतंय. गल्लीच्या टोकाकडं चाललाय आवाज.