अब्बांचा एकच शब्द

प्रिय अतीक,

रुसला असलास तरी प्रियच. दुकानात बसूनच लिहितेय. समोर अब्बा डाव्या हातानं कापूस चोळून बघतायत. उजवा अजून पुरता उठत नाही. जवळच्या भरे गावात एका घरी लग्न आहे, त्यांच्या गाद्या भरायच्यात.

अब्बांना झटका आल्याचं मामूंनी तुला कळवलंच. आता चालतात, दुकानात बसतात, असंही सांगितलं असेल. ते खरंच आहे. पण मामू रस्त्यावरूनच हात करून जातात, त्यामुळे पुढचं त्यांनाही ठाऊक नाही. अब्बांचं बोलणं गेलंय. सुरुवातीला नुसता घशातून आवाज यायचा. मग एका सकाळी अम्मीनं चहा पुढं केला, तर अगदी स्पष्ट म्हणाले, "हबकलो." चहात काही पडलंय का, ते तिनं वाकून पाहिलं. अब्बांनी चहा संपवला, कप पुढं केला आणि पुन्हा म्हणाले, "हबकलो." त्यांना अजून हवा होता.

तेव्हापासून तेवढा एकच शब्द. पौडच्या दवाखान्यात दर आठवड्याला रुपाली मॅडम येतात, वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवतात. त्या म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतं. मनात योग्य शब्द असतो, पण तोंडून हाच येतो. तुम्ही शब्द सोडा, सूर ऐका." हाच का आला, हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

किती कोता शब्द आहे बघ. माणूस आवाजानं दचकतो, आनंदानं हरखतो. हबकतो ते वाईटच समोर आलं की. चांगल्या गोष्टीनं हबकलेलं कुणी मी पाहिलं नव्हतं. आता घरातच पाहते. मीठ हवं असलं की तुटक 'हबकलो'. कापूस ओला निघाला की खालच्या पट्टीत, मान हलवत; तेवढ्यापुरता शब्द आपल्या जागी असतो. माझी हुमा शाळेत शर्यतीत पहिली आली, तेव्हा तर असा लांबवून ओरडले की शेजारच्या चंद्राबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "काय झालं वो ताजुद्दीनभाई? कोन पडलं का काय?" मग आम्हा कुणालाच हसू आवरेना. आता येताजाता त्याच विचारतात, "काय, आज हबकला न्हाई व्हय?" अब्बा हसतात, एका बाजूनं.

रडतातही. दुसरा शब्द ओठांपर्यंत आणतात, तो निसटतो, मग मांडीवर मूठ आपटतात.

गोव्याला हॉटेलात स्वयंपाकी म्हणून चाललोय, हे तू सांगितलंस तो दिवस मी विसरलेले नाही. गिऱ्हाइकांसमोर अब्बा म्हणाले होते, "हबकलो मी, अतीक. तू असा निघशील असं वाटलं नव्हतं." तेव्हा त्यांच्याजवळ सगळे शब्द होते आणि त्यांनी तो नेमका निवडला होता. तू तोच मनात धरून गेलास, हे मला ठाऊक आहे.

म्हणूनच हे लिहितेय. शुक्रवारी अम्मीच्या मोबाईलवर तुझा फोन आला, इतक्या महिन्यांनी. अम्मी मागं कपडे वाळत घालत होती, म्हणून अब्बांनीच तो उचलला. त्यांनी ऐकलं, आणि लगेच तो शब्द, पुन्हा पुन्हा. तू फोन ठेवलास. नंतर माझाही घेतला नाहीस. तुला काय ऐकू आलं असेल ते मला कळतंय. पण मी दारातच उभी होते, अतीक. हुमा जिंकली तेव्हाचाच सूर, पण इतका वर चढलेला मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. तुझा आवाज बंद झाल्यावरही ते किती तरी वेळ फोन कानाशी धरून बसले. मघाशी मी विचारलं, अतीकला काय लिहू? अब्बांनी ओठ जुळवून पाहिले. उठले, शेजारच्या बाकावरचे अभ्रे एका हातानं खाली उतरवले आणि तुझ्यापुरती जागा मोकळी केली.

तुझीच,
अलमास आपा