दोनदा टकटक

प्रिय धाकटे,

तुझ्या नव्या हॉटेलात मी जेवून आले हे तुला ठाऊक आहेच, तूच तर माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिलीस. पण न बोलावता का आले हे तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. झालं असं, की शेजारच्या डॉक्टरीणबाई तुझ्याकडे ब्रंच करून आल्या आणि मला जिन्यात गाठून कौतुक सांगत बसल्या. ब्रंच म्हणजे उशिरा उठणाऱ्यांची सोय, ना धड न्याहारी ना धड जेवण, एवढं मला कळतं. पण त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीची जीभ म्हणजे दैवी देणगी आहे हो! ते ऐकलं आणि ठरवलं, जाऊन यायचंच. ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बांधले. दुष्मनाच्या घरी गबाळ्यासारखं जाऊ नये.

हॉटेल देखणं आहे, खोटं कशाला बोलू. भिंतीचा गिलावा मुद्दाम अर्धवट ठेवलाय, दिवे नुसत्या तारांना लोंबकळतात, आणि खुर्च्या अशा की पाय टेकले तर पाठ टेकत नाही. वाढप्याने समजावलं, की इथे बश्या छोट्याच असतात आणि सगळ्यांनी वाटून खायचं असतं. मी एकटीच होते, तेव्हा स्वतःशीच वाटून खाल्लं. एका बशीत अर्धं अंडं आणि त्यावर भलत्याच देशाचं लोणचं, दुसरीत भाजलेलं बीट आणि खाली कॉफीची भुकटी. दोन देशांची सोयरीक जुळवायची तर निदान दोघांची पसंती तरी विचारावी की नाही? अंडं मात्र सुरेख होतं, मऊ आणि नेमकं. हाताला तू पहिल्यापासून चांगली.

कारखान्याच्या फाटकासमोरची आपली खानावळ आठवते का गं? तू शेगडीशी, मी कट्ट्यापलीकडे. त्या मोठ्या तापातून तू उठलीस आणि एका सकाळी दूध करपून घरभर वास सुटला, तरी तू शेजारीच उभी राहून निवांत कांदा चिरत होतीस. मी ओरडले, तू माझ्याकडे बघितलंस, आणि दोघींनाही एकदमच कळलं. खारट-गोड जिभेला समजायचं, पण वास गेला तो गेलाच. माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, ताई, कुणाला सांगू नकोस गं, स्वयंपाकाशिवाय मला काही येत नाही. नाही सांगितलं. आईलासुद्धा नाही. मग तू रांधायचीस आणि मी चमचाभर तोंडात घालून कट्ट्यावर बोट वाजवायचे. एकदा वाजलं की थांब, काहीतरी बिघडलंय. दोनदा वाजलं की जाऊ दे बाहेर. गिऱ्हाइकांना वाटायचं, ताईला ताल धरायची खोडच आहे. इतक्या वर्षांत तू एकदाही 'नक्की ना?' असं विचारलं नाहीस, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता!

मग तुला तो बडा भागीदार भेटला. मला तू एवढंच म्हणालीस, की नव्या ठिकाणी सगळं काट्यावर मापून होईल, चाखायला कुणी लागणार नाही. गरज सरो, वैद्य मरो. तेही मी गिळलं असतं. पण ती मुलाखत! आई अंथरुणाला खिळलेली, मी तिच्या उशाशी, आणि टीव्हीवर तू हसत सांगत होतीस, आमच्या घरात बाकीच्यांना पोट भरण्यापलीकडे काही कळायचं नाही, चव मला एकटीलाच. बहीण? ती भांडी बघायची. आईने माझ्याकडे बघितलं आणि मायेनेच म्हणाली, खरं आहे गं, तुला कुठे काय कळायचं. तोंडाशी आलेलं मी परत गिळलं, कारण तुला शब्द दिला होता. आई तीच समजूत घेऊन गेली. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

तर अक्रोडाची बशी आली. भाजलेला फ्लॉवर, वर अक्रोडाची दाट चटणी. वाढपी छाती फुगवून म्हणाला, हा आमच्या मॅडमचा हुकमी एक्का, अजून कुणा गिऱ्हाइकाला दिलेला नाही, तुम्हालाच पहिल्यांदा पाठवलाय, रविवारी शहरातले खाण्यावर लिहिणारे सगळे येणार आहेत, त्यांच्यापुढे पहिली हीच जाणार. त्यांनी मान डोलावली तर हॉटेल चाललं, नाहीतर भागीदार हात वर करणार, हेही तो भाबडा बोलून गेला. मी चमचा तोंडात घातला आणि तू आतून आलीस. कशी आहेस ताई, बारीक झालीस का, असं काहीतरी म्हणालीस. पण तुझे डोळे माझ्या तोंडाकडे नव्हते, टेबलावरच्या माझ्या हाताकडे होते. सगळं काट्यावर मापून होतं ना गं? मग बोटांकडे कशाला बघत होतीस? मी घास घोळवत राहिले. तू खालचा ओठ दाताखाली धरलास, लहानपणी धरायचीस तसा. मी दोनदा वाजवलं. तुझे खांदे सैल झाले, तू माझी बशी उगाचच सरळ केलीस आणि आत गेलीस.

आज रविवार आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुझी मेजवानी उरकून गेली असेल. अक्रोड खवट आहेत, धाकटे. साधे नाहीत, पहिल्याच घासाला घशाशी यावं इतके खवट. मीठ बरोबर, आंबट बरोबर, फक्त तो वास. तुझ्या हाताखालच्या माणसांना तो आलाच असेल, पण सांगायची छाती कुणाची? चव तर तुला एकटीलाच! मी तोंडाने छान म्हणाले असते तर तू आणखी कुणाला तरी चाखायला लावलं असतंस. बोटांवर मात्र अजूनही तुझा तेवढाच विश्वास आहे, हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळूनच मी वाजवलं. हे लिहिलं ते माफीसाठी नाही. तू त्या वाढप्यावर किंवा अक्रोडवाल्यावर खेकसत बसशील, म्हणून लिहिलं. तुला कळायला हवं की हे मी केलं, भांडी बघणारीने. बरणीत उरलेले अक्रोड फेकून दे, सगळेच गेलेत. हे मात्र खरं सांगते आहे.

तुझीच,
ताई